आठवीतल्या मुलाला इंग्रजीचा अनोळखी उतारा वाचता येतो का? देवळीच्या पालकांपुढचा खरा प्रश्न

शाळेत कोणती भाषा शिकवायची यावरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मोठं रान पेटलं. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्यात बदल झाला, आणि विरोध वाढल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याची घोषणा झाली. मोर्चे, भाषणं, टीव्हीवरच्या चर्चा सगळं झालं. पण मुलांच्या दप्तरात आधीपासून असलेल्या भाषेचं काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. महाराष्ट्रात सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली. म्हणजे आज आठवीत बसलेलं मूल आठव्या वर्षी इंग्रजी शिकत आहे. त्याला ती वाचता येते का? चार वाक्यं स्वतःची लिहिता येतात का?

हा प्रश्न आम्ही देवळीच्या नजरेतून मांडतो आहोत, कारण राज्याच्या पातळीवरचा वाद शेवटी अशाच गावांतल्या घरांत येऊन थांबतो. देवळी हे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कापूस-सोयाबीनचा परिसर, नगर परिषद, एमआयडीसी, पुलगावसारखं मोठं गाव याच तालुक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–कळंब रेल्वे सुरू झाली आणि देवळी रेल्वेच्या नकाशावर आली. गाव बाहेरच्या जगाशी जोडलं जात आहे. आपली मुलं त्या जगात कोणत्या तयारीने उतरणार, हे बऱ्याच अंशी सहावी, सातवी आणि आठवी या तीन वर्षांत ठरतं.

अपेक्षा नेमकी काय आहे?

नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये शालेय शिक्षणाची ५+३+३+४ अशी मांडणी केली. त्यातला तिसरा टप्पा म्हणजे सहावी ते आठवी. या वर्गांत मुलाला काय यायला हवं हे मोघम सोडलेलं नाही. एनसीईआरटीने २०१७ मध्ये इयत्तावार 'अध्ययन निष्पत्ती' जाहीर केल्या. बालभारतीच्या पुस्तकांतही पहिल्या काही पानांवर त्या छापलेल्या असतात. आपण पालक पुस्तकाला कव्हर घालतो, नाव लिहितो, पण ते पान वाचत नाही. थोडक्यात सांगायचं तर अपेक्षा अशा आहेत.

सहावीत मुलाने वेगवेगळ्या प्रकारचा मजकूर वाचून त्यातला मुख्य मुद्दा, पात्रं आणि घटनांचा क्रम सांगावा. शब्दकोश उघडून शब्द शोधावा. सूचना, शुभेच्छापत्र, छोटा परिच्छेद लिहावा.

सातवीत अनोळखी शब्द आला की मागच्या-पुढच्या वाक्यावरून त्याचा अर्थ लावावा. अभ्यास म्हणून तर वाचावंच, पण आवडीनेही गोष्टी वाचाव्यात. लिहिताना आधी कच्चं लिहावं, मग वाचून सुधारावं.

आठवीत वाचलेल्या मजकुराची तुलना करावी, त्यावर विचार करावा, स्वतःच्या आयुष्याशी त्याचा संबंध जोडावा. पत्र, ईमेल, सूचना, रोजनिशी, लहानसा अहवाल, स्वतःचा अनुभव असं काही लिहावं.

या यादीत पाठांतर कुठेही नाही, हे लक्षात घ्या. निबंध तोंडपाठ करून उतरवणं, प्रश्नोत्तरं गाईडमधून घोकणं, कवितेचा सारांश सरांनी फळ्यावर लिहिला तसा वहीत घेणं, यापैकी काहीही मधल्या टप्प्याची अपेक्षा नाही. आणि आपल्या मुलांच्या वह्या बघितल्या तर बहुतेक वेळा नेमकं हेच भरलेलं दिसतं.

आकडे काय सांगतात?

'असर' हा अहवाल आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासलं जातं. २०२२ च्या अहवालात इंग्रजी वाचनही तपासलं होतं. अगदी सोपी, छोटी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी मुलं देशभरात पाचवीत २४.५ टक्के, तर आठवीत ४६.७ टक्के निघाली. २०१६ मध्ये हेच आकडे २४.७ आणि ४५.३ होते. सहा वर्षांत चित्र जवळपास तिथेच आहे. म्हणजे आठवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना एक सोपं वाक्यही वाचता आलं नाही. परिच्छेद, पत्र, अहवाल तर फार पुढची गोष्ट.

२०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची तपासणी झाली. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत ती घेतली गेली. ५७.३ टक्के जणांना इंग्रजी वाक्यं वाचता आली. वाचणाऱ्यांपैकी ७३.५ टक्के जणांनाच वाचलेल्याचा अर्थ सांगता आला. हिशेब केला तर शंभरातले साधारण ४२ जण वाक्य वाचून समजून घेतात.

हे आकडे ग्रामीण भारताचे आहेत, कोणत्या एका समाजाचे नाहीत. पण आपण त्यातून बाहेर आहोत असं समजायचं कारण नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिलं होतं की शाळेत जाण्याच्या वयाची फक्त तीन-चार टक्के मुस्लिम मुलं पूर्णवेळ मदरशात शिकतात. बाकीची सगळी जिल्हा परिषद, नगर परिषद, अनुदानित किंवा खासगी अशा साध्या शाळांत आहेत. म्हणून साध्या शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला काय चालतं, हा आपल्या समाजाचा थेट प्रश्न आहे.

वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार

गॉ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाबद्दल एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. एक, छापलेल्या अक्षरांवरून शब्द ओळखता येणं. दोन, ती भाषा कानाने ऐकली तर समजणं. यातली एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच येतं.

आपल्या घरांत हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. नाजरा आणि तर्जुमा यातला फरक लहान मुलालाही ठाऊक असतो. नाजरा म्हणजे पाहून शुद्ध वाचणं, तर्जुमा म्हणजे अर्थ. कुरआनच्या नाजऱ्याला स्वतःचं मोल आहे, त्याचा सवाब आहे. पण इंग्रजीच्या पुस्तकाला तसं काही नाही. तिथे अर्थाविना वाचलेलं पान म्हणजे न वाचलेलं पान. आपली बरीच मुलं इंग्रजीत या पहिल्याच पायरीवर अडकली आहेत, आणि काही तर तिथवरही पोचलेली नाहीत.

मराठी असो की उर्दू, आपल्या लिप्यांपेक्षा इंग्रजीची रीत वेगळी आहे. मराठीत जसं लिहिलं तसं वाचायचं. इंग्रजीत 'नाइफ' लिहिताना आधी 'के' येतो आणि उच्चारात गायब होतो. 'पुट' आणि 'कट' दोन्हीत 'यू' आहे, पण आवाज वेगळा. वाक्याची बांधणीही उलटी. आपण क्रियापद शेवटी ठेवतो, इंग्रजीत ते मधे येतं. 'मी जातो' म्हणताना मुलं 'आय अ‍ॅम गो' लिहितात, कारण कुठे 'अ‍ॅम' लागतं आणि कुठे नाही हे त्यांनी नियम म्हणून घोकलेलं असतं, कानाने पुरेसं ऐकलेलं नसतं. अशा चुका करणारं मूल ढ नाही. त्याला फक्त भरपूर ऐकायला, वाचायला आणि लिहून बघायला मिळालेलं नाही.

मक्तबमधून शाळेने घ्यावी अशी एक गोष्ट

मक्तबमध्ये कायदा कसा शिकवला जातो ते आठवून पाहा. उस्ताद एकेका मुलाला जवळ बसवतात आणि त्याचा सबक स्वतः ऐकतात. कालचा सबक पक्का नसेल तर पुढचा मिळत नाही. मागचं पुन्हा पुन्हा ऐकलं जातं. आज पन्नास मुलं असोत की दहा, प्रत्येकाचा आवाज उस्तादांच्या कानावर पडतोच.

आता शाळेतला इंग्रजीचा तास बघा. शिक्षक पाठ वाचतात, मराठीत किंवा उर्दूत अर्थ सांगतात, मुलं सगळी मिळून मागे म्हणतात, मग फळ्यावरची प्रश्नोत्तरं उतरवून घेतात. चुणचुणीत चार-पाच मुलं उभी राहून वाचतात. मागच्या बाकावरच्या मुलाने महिनाभरात एकदाही एकट्याने, मोठ्याने वाचलेलं नसतं. त्याला येत नाही हे कुणाला कळतच नाही. त्याची वही मात्र पूर्ण असते आणि सही-शिक्क्यासकट असते.

शिक्षकांना दोष देऊन हात झटकणं आम्हाला पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी किमान एक शिक्षक दर ३५ मुलांमागे आणि भाषेसाठी स्वतंत्र शिक्षक असावा असं सांगितलं आहे. पण जागा रिकाम्या राहतात, एकाच शिक्षकावर दोन-तीन विषय येतात, वर सर्वेक्षणं, निवडणुकांची कामं. तरीही दररोज पाच मुलांचं दोन-दोन मिनिटं वाचन ऐकलं तर दहा मिनिटं लागतात, आणि ३५ मुलांचा वर्ग सात शाळेच्या दिवसांत पूर्ण होतो. यासाठी नवीन इमारत, टॅब, स्मार्ट बोर्ड काही लागत नाही.

माध्यम बदलणं हा उपाय आहे का?

अनेक पालकांनी याचं उत्तर आधीच शोधलं आहे, ते म्हणजे इंग्रजी माध्यम. पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. त्यांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण फलकावर इंग्रजी माध्यम लिहिल्याने वर्गात इंग्रजी येत नाही. जिथे शिक्षक स्वतः इंग्रजीत मोकळे नाहीत, तिथे विज्ञान आणि भूगोलही पाठ करावा लागतो. मूल आठवीला पोचतं तेव्हा त्याला इंग्रजीत विचार मांडता येत नाही, आणि मराठी-उर्दूत लिहायची सवय राहिलेली नसते. घरात एक भाषा, दारात दुसरी, शाळेत तिसरी, आणि लिहिता कुठलीच येत नाही, अशी मुलं आपल्या आजूबाजूला आहेत.

या बाबतीत वर्ध्याचाच इतिहास आपल्या मदतीला येतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला महात्मा गांधींच्या पुढाकाराने वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिथल्या विचारांवरून अभ्यासक्रम तयार करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसैन. जामिया मिलिया इस्लामियाचे हे शिक्षणतज्ज्ञ पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. त्यांच्या समितीने सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेतून आखलं आणि त्यात इंग्रजी ठेवलीच नाही.

आज कुणी इंग्रजी काढून टाका म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. काळ बदलला आहे. पण त्या योजनेतलं एक सत्य अजून तसंच आहे. ज्या भाषेत मूल स्वप्न पाहतं, त्या भाषेत त्याला आधी नीट वाचता-लिहिता आलं पाहिजे. बाजाराच्या दिवसाबद्दल मराठीत किंवा उर्दूत दहा वाक्यं सलग लिहू न शकणारं मूल इंग्रजीत पाच वाक्यं लिहील, ही अपेक्षाच चुकीची आहे. आधी काय सांगायचं, मग काय, शेवट कसा, ही शिस्त पहिल्या भाषेत लागते आणि मग दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. म्हणून इंग्रजी सुधारायची असेल तर मराठी-उर्दूचं लिखाण बंद करू नका, वाढवा.

पुढे काय पणाला लागलं आहे?

२०२३ मध्ये राज्याने नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास पुन्हा परीक्षेची संधी, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात. पूर्वी आठवीपर्यंत मूल ढकललं जायचं आणि कमतरता नववीत उघडी पडायची. आता ती आठवीतच उघडी पडू शकते. शिष्यवृत्ती परीक्षेतही इंग्रजीचे प्रश्न आहेत.

त्यापुढे दहावी, मग बारावी. बारावीला इंग्रजी सक्तीची आहे. अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीत. फार्मसी, नर्सिंग, इंजिनीअरिंग डिप्लोमा, सगळीकडे बहुतेक पुस्तकं इंग्रजीत. आयटीआय करून एमआयडीसीत काम मिळालं तरी यंत्राची माहितीपुस्तिका आणि सुरक्षेच्या सूचना बऱ्याचदा इंग्रजीत असतात.

मुलींच्या बाबतीत हे जास्त बोचतं. मुलगा एका विषयात अडकला तर घरातले म्हणतात, पुन्हा बस. मुलगी इंग्रजीत अडकली की अनेक घरांत स्थळं बघायला सुरुवात होते. दहावी-बारावीला तीस गुणांवर थांबलेल्या पेपरची सुरुवात सहावीत झालेली असते, जेव्हा तिचं वाचन कुणी ऐकलं नव्हतं.

घरी काय करता येईल?

इंग्रजी न येणाऱ्या आई-वडिलांनाही हे तपासता येतं. पुस्तकातला न शिकवलेला पाठ काढा किंवा खालच्या इयत्तेचं पुस्तक घ्या. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर मोफत मिळतात. मुलाला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. अडखळत वाचतं की सलग, हे कानाला कळतं. मग पुस्तक बंद करून विचारा, यात काय सांगितलं आहे? उत्तर मराठीत, उर्दूत, घरच्या बोलीत, कसंही चालेल. मूल गोष्ट सांगू शकलं तर त्याला समजलं. एका पानावर पाचपेक्षा जास्त शब्द अडत असतील तर पुस्तक सध्या अवघड आहे, आणखी सोपं द्या. तिसरीचं पुस्तक आठवीतल्या मुलाला दिलं म्हणून त्याला हसू नका. पाया तिथूनच घालावा लागतो.

मग कोरा कागद द्या. आज सकाळपासून काय केलं, ते इंग्रजीत पाच वाक्यांत लिही. गाईड नको, मोबाईल नको. चुका होतील, होऊ द्या. हल्ली फोनवर एका वाक्यात निबंध तयार मिळतो, त्यामुळे पूर्ण भरलेली वही बघून आता काहीच कळत नाही. समोर बसून लिहिलेली पाच चुकीची वाक्यं उतरवलेल्या सुंदर निबंधापेक्षा जास्त कामाची आहेत. शिक्षकांना ती दाखवा, त्यांना नेमकं कुठे मदत करायची ते कळेल.

रोज पंधरा मिनिटं, मगरीबनंतर किंवा जेवणाआधी, मोठ्या बहिणीने-भावाने धाकट्याचं वाचन ऐकायचं. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर पायऱ्यांनुसार लावलेल्या मोफत गोष्टी मराठी, उर्दू आणि इंग्रजीत आहेत. एकच गोष्ट आधी आपल्या भाषेत आणि मग इंग्रजीत वाचली की अर्ध्या शब्दांचा अर्थ आपोआप लागतो.

शाळेत काय मागता येईल?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ही समिती फक्त खिचडी आणि संडासाच्या दुरुस्तीवर सही करायला नाही. आपल्या वस्तीतले किती पालक त्या बैठकीला जातात? गेलात तर तीन साध्या गोष्टी मागा. आठवड्यातून किमान एकदा प्रत्येक मुलाचं वाचन शिक्षक स्वतः ऐकतील. महिन्यातून दोनदा मुलं फळ्यावरचं न उतरवता स्वतःचं काही लिहितील. आणि सत्राच्या शेवटी प्रत्येक पालकाला गुणांसोबत हेही सांगितलं जाईल की मूल अनोळखी उतारा वाचून समजतं की नाही. यापैकी कशालाही वेगळा निधी लागत नाही. शिक्षकांशी भांडायला जाऊ नका, त्यांच्या सोबत बसा. वर्गातलं मूल वाचायला लागलं तर सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच होईल.

मस्जिद कमिट्या आणि मोहल्ल्यातल्या शिकलेल्या तरुणांनाही एक विनंती. वक्तृत्व स्पर्धा, गुणवंतांचे सत्कार आपण दरवर्षी करतो. नव्वद टक्केवाल्यांच्या गळ्यात हार पडतो, ते योग्यच आहे. पण जे मूल सहावीतच मागे पडलं आहे, त्याच्यासाठी संध्याकाळी एक तास, एक सतरंजी आणि दोन पदवीधर मुलं-मुली बसली, तर सत्कारापेक्षा मोठं काम होईल. मक्तबमध्ये जागा आहे, मुलं आधीच येतात, एकेकाचं ऐकण्याची रीतही तिथे आहेच. तीच रीत इंग्रजीच्या पुस्तकाला लावायची आहे.

कोणती भाषा पहिलीपासून शिकवायची, यावर सरकार आणि समित्या बोलत राहतील, निर्णय येतील आणि मागेही घेतले जातील. पण आपल्या घरातलं सहावी ते आठवीतलं मूल आज कुठे उभं आहे, हे कळायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही. येत्या रविवारी एक परिच्छेद आणि एक कोरा कागद त्याच्यासमोर ठेवा. जे दिसेल ते घेऊन सोमवारी शाळेत जा.